‘हिस्टॉरिक’ की ‘हिस्टॉरिकल’? ऑनलाइन इंग्रजी शब्दकोशांची एकाच कामापुरती परीक्षा

मराठीत ‘ऐतिहासिक’ म्हटलं की काम झालं. कादंबरी ऐतिहासिक, निकाल ऐतिहासिक, इमारत ऐतिहासिक, कागदपत्रं ऐतिहासिक. शेअर बाजार गडगडला तर तो नीचांकही ऐतिहासिक. इंग्रजीत लिहायला घेतलं की याच शब्दाला ‘हिस्टॉरिक’ आणि ‘हिस्टॉरिकल’ अशा दोन वाटा फुटतात, आणि कुठली धरायची हे स्पेलचेकर सांगत नाही. त्याच्या लेखी दोन्ही शब्द शुद्ध. ‘इकॉनॉमिक’ आणि ‘इकॉनॉमिकल’ची गंमत उलटी आहे. तिथे मराठीत ‘आर्थिक’ आणि ‘काटकसरीचा’ असे दोन स्वतंत्र शब्द हाताशी आहेत, अर्थाचा गोंधळ मुळीच नाही. तरी ‘इकॉनॉमिकल पॉलिसी’ असं लिहून जातं, कारण ‘सोशल’, ‘पोलिटिकल’ यांच्या पंगतीत बसल्यावर हाताला ‘अल’ची सवय लागलेली असते.

अशा वेळी शब्दकोश उघडायचा, पण कुठला? मोफत मिळणारे मोठे इंग्रजी-इंग्रजी कोश इथे फक्त या एका कामासाठी तपासले आहेत. उच्चार कसे ऐकू येतात, ॲप किती देखणं आहे, हे सगळं बाजूला. कसोटीला चार जोड्या: हिस्टॉरिक-हिस्टॉरिकल, इकॉनॉमिक-इकॉनॉमिकल, क्लासिक-क्लासिकल, इलेक्ट्रिक-इलेक्ट्रिकल. आणि प्रश्न तीन. एका शब्दाच्या पानावर दुसऱ्याबद्दल सावध केलंय का? कोणत्या नामांबरोबर कोणतं विशेषण बसतं ते दिसतं का? आणि दोघांची हद्द जिथे पुसट आहे, तिथे कोश तसं कबूल करतो का?

तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. या जोड्यांवर ‘अल लागला की अर्थ असा बदलतो’ छापाचे सोपे नियम ठिकठिकाणी सापडतात आणि ते सगळे फसवे आहेत. ‘इक’ हा प्रत्यय ग्रीकमधून लॅटिनमार्गे आला, ‘इकल’ हा त्यालाच लॅटिन ‘अलिस’ जोडून झालेला. अर्थाची वाटणी त्या प्रत्ययांनी केलेली नाही. दोन रूपं शेजारी वापरात राहिली आणि प्रत्येक जोडीने आपापली वाटणी करून घेतली. म्हणून ‘हिस्टॉरिकल’मध्ये लांब रूप सर्वसाधारण (इतिहासाशी संबंधित) आणि आखूड रूप खास (इतिहासात नोंद व्हावी असं), तर ‘इकॉनॉमिक’मध्ये नेमकं उलट: आखूड रूप सर्वसाधारण (अर्थव्यवस्थेशी संबंधित) आणि लांब रूप खास (कमी खर्चात भागणारं). एका जोडीवरून दुसरी ओळखायला गेलं की पाय घसरतो. सगळ्या जोड्यांना एकच नियम लावणारं पान दिसलं तर ते तिथेच बंद करावं.

पहिला कोश ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी. ए. एस. हॉर्नबी यांनी तयार केलेला हा कोश प्रथम १९४२ मध्ये टोकियोत निघाला, वेगळ्या नावाने. ऑक्सफर्डने तो १९४८ मध्ये आपल्याकडे घेतला. छापील दहावी आवृत्ती २०२० ची आहे. जपानमध्ये इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी जन्मलेला असल्याने परक्या भाषेतून येणाऱ्याची अडचण त्याला आधीपासून ठाऊक आहे, आणि या कामात ते पानोपानी जाणवतं. गोंधळाच्या जोड्यांना इथे ‘व्हिच वर्ड’ नावाची वेगळी चौकट आहे. वर घेतलेल्या चारही जोड्यांना ती मिळते. ‘हिस्टॉरिक’च्या चौकटीचा सारांश असा: लक्षात राहावं इतकं महत्त्वाचं ते हिस्टॉरिक, भूतकाळाशी, इतिहासाच्या अभ्यासाशी निगडित किंवा खरोखर होऊन गेलेलं ते हिस्टॉरिकल. यातला ‘खरोखर होऊन गेलेलं’ हा तुकडा सोन्यासारखा आहे, कारण तोच बहुतेक ठिकाणी गाळला जातो. ‘किंग आर्थर ही हिस्टॉरिकल व्यक्ती होती का?’ या प्रश्नाचा अर्थ तो मोठा होता का असा नाही. तो होता तरी का, असा आहे.

‘क्लासिक-क्लासिकल’च्या चौकटीत तर थेट नामांच्या याद्या आहेत. क्लासिकबरोबर उदाहरण, कादंबरी, गाडी. क्लासिकलबरोबर संगीत, बॅले, वास्तुरचना. लिहिणाऱ्याला हेच हवं असतं. व्याख्या वाचून ‘उत्कृष्ट नमुना’ आणि ‘अभिजात परंपरेतला’ यांतला फरक डोक्यात बसवत बसण्यापेक्षा आपलं नाम कुठल्या यादीत आहे ते पाहून मोकळं होता येतं. ‘इलेक्ट्रिक-इलेक्ट्रिकल’च्या बाबतीत हाच कोश सांगतो की विजेवर चालणाऱ्या वस्तूला इलेक्ट्रिक, वायरिंग किंवा उपकरणं अशा मोघम नामांना इलेक्ट्रिकल, आणि पुढे मोकळेपणाने म्हणतो की ही सीमा आता तितकीशी पक्की राहिलेली नाही. तिन्ही प्रश्नांत उत्तीर्ण. खोट एवढीच की पानावर चौकट लगेच नजरेत भरत नाही. वरची व्याख्या वाचून निघून गेलात तर कोशातला सर्वांत उपयोगी भाग हुकला. खाली सरकायचं, चौकट मिटलेली असेल तर नावावर टिचकी मारून उघडायची.

कोबिल्ड हा वेगळ्याच वळणाचा कोश. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली तो तयार झाला, १९८७ मध्ये निघाला, आणि त्याची ओळख म्हणजे पूर्ण वाक्यातली व्याख्या. विशेषण एकटं समजावून न सांगता ते नामासकट वाक्यात बसवून दाखवतात. ‘हिस्टॉरिकल’ची व्याख्याच माणसं, परिस्थिती आणि वस्तू यांच्यापासून सुरू होते, त्यामुळे शब्दाची सोबत आपोआप कळते. नवशिक्याला ही पद्धत सगळ्यांत चटकन पटते.

अडचण कोबिल्डची नाही, तो जिथे ठेवलाय त्या पानाची आहे. कोबिल्ड ज्यांचा, त्या कॉलिन्स प्रकाशनाच्या संकेतस्थळावर एकाच शब्दाच्या पानावर आधी कोबिल्ड, खाली ब्रिटिश इंग्रजीचा मोठा कोश, त्याखाली अमेरिकन इंग्रजीचा, असे थर लागलेले असतात. ‘हिस्टॉरिक’वर गेलात की वर वाचता ‘महत्त्वाचं’, आणि थोडं खाली मोठ्या कोशात दिसतं की हा शब्द ‘हिस्टॉरिकल’ऐवजीही कधीकधी वापरतात. मग मघाशी वाचलेला फरक खरा की खोटा? दोन्ही खरं आहे. वरचा कोश शिकणाऱ्याला चुकू नये म्हणून लिहिलाय, खालचा जे जे छापून आलं त्याची नोंद ठेवतो. लिहिण्यासाठी उघडला असेल तर वरच्या थरावर थांबावं.

हाच घोळ मेरियम-वेबस्टर या अमेरिकन कोशात जास्त ठसठशीत आहे. तिथे ‘हिस्टॉरिक’ची नोंद सुरूच होते ‘हिस्टॉरिकल’ या शब्दाने, आणि मग पोटअर्थ येतात: इतिहासात प्रसिद्ध, दूरगामी महत्त्वाचं, पूर्वी प्रचलित असलेलं, जुन्या काळापासून जपलेलं. घाईत वाचणारा पहिली ओळ पाहतो, दोन्ही एकच असं समजतो आणि ‘हिस्टॉरिक नॉव्हेल’ लिहून मोकळा होतो. कोश चुकलेला नाही. इंग्रजी मातृभाषा असलेल्या वाचकासाठी तो आहे, ‘हिस्टॉरिकल नॉव्हेल’ हे त्या वाचकाच्या कानात आधीच बसलेलं असतं. शिवाय मेरियम-वेबस्टर अर्थ लावतो ते काळाच्या क्रमाने, सर्वांत जुना आधी. पहिला अर्थ म्हणजे आजचा मुख्य अर्थ, असं तिथे धरून चालत नाही. बाकीच्यांपैकी बरेच कोश प्रचलित अर्थ आधी देतात, म्हणून ही सवय बदलायला वेळ लागतो. लिहिताना कुठला शब्द निवडू यासाठी हा कोश उघडू नये. कुणाच्या लेखात ‘हिस्टॉरिक इंटरेस्ट रेट्स’ दिसलं आणि ते चूक म्हणून खोडायचं की नाही असा प्रश्न पडला, तर मात्र इथेच यावं. ‘पूर्वी प्रचलित असलेलं’ हा पोटअर्थ नोंदलेला सापडेल आणि लाल पेन खाली ठेवता येईल.

केंब्रिजच्या कोशात शब्दाचं पान साधंच आहे, पण त्याच संकेतस्थळावर व्याकरणाचा विभाग आहे आणि त्यात सहज गोंधळ होणाऱ्या शब्दांची स्वतंत्र पानं आहेत. ‘इकॉनॉमिक की इकॉनॉमिकल’, ‘हिस्टॉरिक की हिस्टॉरिकल’ अशी शीर्षकंच. शोधखिडकीत एकच शब्द टाकला तर ती पुढे येतील याचा भरवसा नाही. व्याकरण विभाग उघडून तिथेच शोधावं.

‘इकॉनॉमिक’साठी केंब्रिज आणि ऑक्सफर्ड दोघेही एक अर्थ नोंदवतात, जो पाठ्यपुस्तकी नियमात कधीच येत नाही: फायद्यात चालणारं, परवडणारं. खाणीतून निघणाऱ्या मालापेक्षा तो काढायचा खर्च जास्त झाला की ती खाण ‘इकॉनॉमिक’ राहत नाही. इथे ‘इकॉनॉमिकल’ घातलं तर अर्थच फिरतो. खाण काटकसरीने चालत नाही, असा. नकारात हा फरक आणखी टोकदार होतो. ‘अनइकॉनॉमिक’ म्हणजे तोट्यातलं, ‘अनइकॉनॉमिकल’ म्हणजे उधळं, जास्त इंधन किंवा जास्त माल खाणारं. एखादं यंत्र अनइकॉनॉमिकल असूनही कारखाना इकॉनॉमिक असू शकतो. ‘इकॉनॉमिक म्हणजे अर्थव्यवस्थेचं, इकॉनॉमिकल म्हणजे स्वस्त’ एवढ्यावर थांबणारा कोश इथे कच्चा पडतो. आणि ‘स्वस्त’ हा शब्दही जरा चुकीचाच. इकॉनॉमिकल गाडी विकत घ्यायला महाग असू शकते, चालवायला कमी खर्चाची असते.

‘इकॉनॉमिकल’ पैशापुरतं नसतं, हेही नीट दाखवायला हवं. शब्द, हालचाल, जागा, वेळ, काहीही जपून वापरलं की ते इकॉनॉमिकल. याचं गाजलेलं उदाहरण १९८६ चं आहे. ब्रिटिश सरकारचे कॅबिनेट सचिव रॉबर्ट आर्मस्ट्राँग ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयात साक्ष देताना एका पत्राबद्दल म्हणाले की त्यात खोटं नव्हतं, ‘इकॉनॉमिकल विथ द ट्रुथ’ इतकंच. सत्य जरा हात राखून वाढलं होतं म्हणायचं. कल्पना त्याआधीही इंग्रजीत होती, पण हा वाक्प्रचार घरोघरी पोहोचला तो त्या साक्षीने. इथे ‘इकॉनॉमिक’ घालून पाहा, वाक्य जागच्या जागी मोडतं.

लाँगमनबद्दल थोडक्यात. पहिली आवृत्ती १९७८ ची, व्याख्या सुमारे दोन हजार सोप्या शब्दांतच लिहायच्या हा त्याचा नेम, त्यामुळे भाषा सर्वांत सोपी. शब्द बोलण्यात जास्त येतो की लिहिण्यात हे खुणांनी दाखवतात आणि वाक्यांचे नमुने भरपूर. चांगला दुसरा कोश. मॅकमिलनचा ऑनलाइन कोश मात्र २०२३ मध्ये बंद झाला, तेव्हा जुन्या याद्यांमध्ये त्याची शिफारस दिसली तर पुढे जावं.

ऑनलाइन कोशांचा एक दोष सामाईक आहे आणि तो छपाईत नव्हता. कागदावर ‘हिस्टॉरिक’ आणि ‘हिस्टॉरिकल’ एकाखाली एक येतात. एक शोधताना दुसऱ्यावर नजर पडतेच. पडद्यावर एका वेळी एकच शब्द. त्यामुळे नियम असा ठेवावा की अशा जोडीतला शब्द कधीही एकटा पाहायचा नाही. दोन टॅब उघडायचे, दोन्ही पानांवरची फक्त नामं पाहायची आणि मग ठरवायचं.

तरीही कोशात आपलं नेमकं नाम नसेल, तर खऱ्या वापराचा साठा धुंडाळावा लागतो. त्यासाठी तीन साधनं मोफत आहेत.

सर्वांत सोपं ‘स्केल’ (SkELL) हे संकेतस्थळ. नोंदणी नाही, काही नाही. शब्द टाकायचा आणि वर दिसणाऱ्या तीन भागांपैकी ‘वर्ड स्केच’ निवडायचा. विशेषणाबरोबर येणाऱ्या नामांची यादी समोर. दोन्ही शब्दांच्या याद्या शेजारी ठेवल्या की पाच मिनिटांत जे कळतं ते व्याख्या वाचून अर्ध्या तासात कळत नाही. उणीव ही की वाक्य कुठून आलं, कुणी लिहिलं, हे दाखवत नाही, म्हणून एखाद्या विचित्र वाक्याचा आधार घेऊ नये.

दुसरं गूगलचं एनग्रॅम व्ह्यूअर, २०१० पासूनचं, छापील पुस्तकांवर चालणारं. यात विशेषण टाकून एक जागा सोडायची, मग तारांकन, त्याला जोडून अंडरस्कोर आणि मोठ्या लिपीत ‘नाउन’ (historic *_NOUN). त्या विशेषणानंतर सर्वाधिक येणारी दहा नामं आलेखासह येतात. वर ब्रिटिश की अमेरिकन पुस्तकं हे निवडता येतं, ते निवडावंच. चुका होतात त्या अशा. लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात आणि तारांकनाबरोबर ‘अक्षरभेद नको’ हा पर्याय चालत नाही, म्हणून वाक्याच्या सुरुवातीचे किंवा शीर्षकातले शब्द गणतीतून निसटतात. चाळीसपेक्षा कमी पुस्तकांत आलेला शब्दप्रयोग साठ्यात नसतोच. रेघ दिसली नाही म्हणजे इंग्रजीत तो प्रयोग नाही, असा निष्कर्ष काढू नये. आणि १८०० च्या आधीचे आकडे हळूच हाताळावेत, कारण जुन्या छपाईतला लांब ‘एस’ यंत्राला ‘एफ’ वाटतो, आणि ‘हिस्टॉरिक’मध्ये तर ‘एस’ मधोमध बसलेला.

तिसरं ‘कोका’ (COCA), अमेरिकन इंग्रजीचा शंभर कोटींहून अधिक शब्दांचा साठा, १९९० ते २०१९ या काळातला. मोफत नोंदणी करावी लागते आणि दिवसाला किती शोध घ्यायचे याला मर्यादा आहे. पण त्यात ‘कंपेअर’ नावाची सोय आहे ती खास याच कामासाठी केल्यासारखी. दोन शब्द दोन खिडक्यांत टाकले की पहिल्याचीच नामं एका रकान्यात, दुसऱ्याचीच दुसऱ्यात. बातम्या, कथा, संशोधनपर लेखन, बोलणं असे भागही वेगळे पाहता येतात. पाहताना विशेषनामांची भेसळ ओळखावी. अमेरिकेत १९६६ पासून ‘नॅशनल रजिस्टर ऑफ हिस्टॉरिक प्लेसेस’ आहे. त्यामुळे हिस्टॉरिकच्या यादीत ‘प्लेसेस’ आणि ‘प्रिझर्वेशन’ दिसले तर त्यात सरकारी नावांचा वाटा असणार. अशा नावांचा दुसरा उपयोग मात्र होतो: ती चालती-बोलती उदाहरणं आहेत. इंग्लंडमधल्या जुन्या वास्तूंच्या जतनाचं काम पाहणाऱ्या सरकारी संस्थेचं नाव हिस्टॉरिक इंग्लंड, इतिहासकारांच्या १८६८ च्या संस्थेचं नाव रॉयल हिस्टॉरिकल सोसायटी. दरवर्षी बातम्यांत येतो तो वर्ल्ड इकॉनॉमिक फोरम. तो कधी ‘इकॉनॉमिकल’ झाला तर जेवणावळीत कपात झाली असं समजावं.

सगळं एका जागी लावून पाहायचं तर पुन्हा ‘ऐतिहासिक’च घेऊ. ऐतिहासिक निकाल: हिस्टॉरिक, कारण त्याने काहीतरी बदललं. ऐतिहासिक कागदपत्रं: हिस्टॉरिकल, भूतकाळाची साधनं म्हणून, त्यातलं एखादं स्वातंत्र्याचा जाहीरनामा असेल तर ते एक हिस्टॉरिक. ऐतिहासिक कादंबरी: हिस्टॉरिकल, दुसरं नाहीच. ऐतिहासिक इमारत: हिस्टॉरिक, जुनी आणि जपण्याजोगी एवढं पुरतं, तिथे लढाई झालेली असायलाच हवी असं नाही. ऐतिहासिक पुरुष: इथे दोन्ही बरोबर आणि दोन वेगळी वाक्यं. हिस्टॉरिकल म्हणजे प्रत्यक्ष होऊन गेलेला, हिस्टॉरिक म्हणजे इतिहास घडवणारा. ऐतिहासिक नीचांक: बातम्यांत बहुधा हिस्टॉरिक, पण आकड्यांची जुनी मालिका म्हणायची असेल तर ‘हिस्टॉरिकल डेटा’. ब्रिटिश वृत्तपत्रांत पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांनाही ‘हिस्टॉरिक’ लावलेलं दिसतं. त्यात गौरव अजिबात नाही, केवळ ‘जुनं’ असा अर्थ आहे. नुसत्या ‘महत्त्वाचं’ या व्याख्येवर विसंबलेला वाचक तिथे दचकतो.

क्रियाविशेषण करताना ही सगळी मेहनत एका क्षणात वाया जाते, आणि यावर ठळक इशारा या कोशांत नजरेला पडत नाही. हिस्टॉरिक आणि हिस्टॉरिकल, दोघांचंही क्रियाविशेषण एकच: ‘हिस्टॉरिकली’. इकॉनॉमिक आणि इकॉनॉमिकलचं ‘इकॉनॉमिकली’. ‘इक’ने संपणाऱ्या विशेषणांना ‘अली’ लागतो, ‘पब्लिकली’सारखे मोजके अपवाद सोडून, ज्यांच्या स्पेलिंगमध्ये ‘अल’ नसतो. त्यामुळे ‘इकॉनॉमिकली’ दिसलं की आर्थिकदृष्ट्या की काटकसरीने, हे क्रियापदावरून ओळखायचं: मागास असणं आर्थिकदृष्ट्या, वापरणं काटकसरीने. लिहिताना दोन्ही अर्थ लागू शकतील असं वाटलं तर क्रियाविशेषण टाकून वाक्य फिरवावं, ‘इन इकॉनॉमिक टर्म्स’ किंवा ‘विदाउट वेस्ट’ असं.

आणि ‘हिस्टॉरिक’च्या आधी ‘अ’ की ‘ॲन’? जोर दुसऱ्या अवयवावर असल्याने पूर्वी ‘ह’ दबायचा आणि ‘ॲन’ यायचं. अजूनही काही जण तसं लिहितात. ‘ह’ स्पष्ट उच्चारत असाल तर ‘अ हिस्टॉरिक’ लिहा.